चिमणी ठेवली, खोली पाडली



ह्या अंकाला कविता देणार होतो. बसलो लिहायला आणि कागदावर नुसते पत्ते उमटायला लागले. चाळ नंबर अमुक, खोली नंबर तमुक. कविता बाजूला ठेवली. आता जे मनात आहे ते सरळ लिहून टाकतो. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तळोज्याच्या रोलिंग मिलची भट्टी दुरुस्तीला निघाली. तीन आठवडे बंद. ठेकेदार म्हणाला, बंद काळाचा पगार नाही. घरी बसून पोट कसं भरणार, म्हणून मी एका मुकादमाबरोबर सीबीडी बेलापूरला पाडकामावर गेलो. सेक्टर आठ, आर्टिस्ट व्हिलेज. हातात घण, डोक्यावर घमेलं. जुनं, उतरत्या छपराचं, अंगण असलेलं छोटं घर. मालकाला तिथं तीन मजली पक्कं घर उठवायचं होतं. आपल्याला काय, रोजी मिळाली की झालं.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्चरची पोरं-पोरी आली. गळ्यात कॅमेरे. बरोबर एक सर. सर मला म्हणाले, "जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय." मी घण ठेवला आणि बाजूला झालो. सर पोरांना सांगायला लागले. ही वसाहत चार्ल्स कोरियांनी आखली, १९८३ ते ८६ च्या सुमारास बांधली गेली. सात-सात घरं एका चौकाभोवती. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. गरीब-श्रीमंत सगळ्यांना जवळपास सारखी जागा. बोलता बोलता सरांचा आवाज भरून आला. म्हणाले, "ह्या वस्तीचं कॅरॅक्टर नष्ट होतंय."

कॅरॅक्टर. घमेलं उचलताना तो शब्द मी खिशात टाकला. आमच्याकडं हा शब्द दोनच वेळा येतो. एकदा नोकरीसाठी पोलिसाचं सर्टिफिकेट आणताना, आणि एकदा कुणाच्या तरी पोरीवर शिंतोडे उडवताना. वस्तीला कॅरॅक्टर असतं आणि ते जपायला शिकलेली माणसं गाड्या करून येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर मी कोरियांबद्दल मिळेल ते वाचलं. त्या माणसावर माझा राग नाही. मुंबईच्या पलीकडं नवं शहर उभं करा असं १९६५ साली सांगणाऱ्या तिघांपैकी ते एक. दुसरे शिरीष पटेल, तिसऱ्या प्रवीणा मेहता. १९७० ला सिडको झाली आणि ते शहर उठलं. कोरियांनी बेलापूरची घरं आखली तीच मुळात वाढवता यावीत म्हणून. माणसाकडं चार पैसे येतील, पोरं वाढतील, तसं घर वाढेल असा हिशोब त्यांनीच धरला होता. म्हणजे मालक कोरियांनी दिलेल्या मोकळीकीनंच वागत होता, जरा जास्त वागत होता एवढंच. रडत होते ते कोरियांचे भक्त. भक्तांचं सगळीकडं असंच असतं, आपल्यातही. ते पुढं येईलच.

माझा सवाल दुसरा आहे. त्याच बेलापूरच्या डोंगराच्या पायथ्याशी, तुर्भ्याला, दिघ्याला झोपड्यांवर बुलडोझर येतो तेव्हा कुठले सर पोरांना घेऊन येतात? तिथल्या बोळाचं, नळाच्या रांगेचं, निळ्या झेंड्याच्या कट्ट्याचं कॅरॅक्टर नष्ट होतंय म्हणून कुणाचा आवाज भरून येतो?

मुंबईत १९९५ साली हेरिटेजचे नियम आले. समिती आली. इमारतींना ग्रेड लागल्या, एक, दोन-अ, दोन-ब, तीन. शाळेत आपल्याला लागायच्या तशाच. यादीत कोण बसलं ते फोर्टात फिरून बघा. स्टेशन, हायकोर्ट, विद्यापीठ, चर्चं. व्हीटी २००४ साली जगाच्या यादीत गेलं. २०१८ ला ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती आणि मरीन ड्राइव्हचा पट्टा गेला. जाऊ द्या. सुंदर आहेत, मला आवडतात. ते दगड पाटीत घालून वर चढवणारे आपलेच कुणीतरी पणजे असतील. पण यादी करणाऱ्याचा डोळा बघा. त्याला कमान दिसते, शैली दिसते, आर्किटेक्टचं नाव दिसतं. भिंतीच्या आत काय झालं हे तो सगळ्यात शेवटी विचारतो. आणि आपला सगळा इतिहास आतच झालाय, भाड्याच्या खोलीत, पत्र्याखाली, कर्जानं घेतलेल्या छापखान्यात. तिथं कमान नव्हती. ग्रेड लागायची कशाला?

माझा आज्जा गिरणीत रिंगखात्यात होता. सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातला. रिंगखात्यातच का, हे मला उशिरा कळलं. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत महाराला कापडखात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. आपला ओठ लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड कसं लावणार? म्हणून जास्त पगाराचं कापडखातं त्यांना आणि सूतखातं आपल्याला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. आज्ज्याच्या वेळेला तसली उघड बंदी राहिली नव्हती, पण बाप ज्या खात्यात, त्याच खात्यात जॉबर पोराला चिकटवायचा. जात अशी खात्याखात्यातून उतरत आली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. गिरणी गेली, खोलीचं भाडं थकलं, आज्जा खाडी ओलांडून तुर्भ्याला आला आणि मार्केटात कांद्या-बटाट्याची पोती उचलायला लागला. पुढं २०१६ च्या डिसेंबरात गिरणी कामगारांच्या घरांची लॉटरी निघाली, पनवेलजवळ कोन गावात २,४१७ घरं. आज्ज्याचा नंबर लागला. मग करोना आला, ती घरं अलगीकरणाला घेतली गेली, मग दुरुस्ती, मग कागद, मग अजून कागद. चावी आली तेव्हा आज्जा नव्हता. वारस दाखल्यावर माझ्या बापाची सही आहे. हेरिटेज म्हणजे वारसा असं डिक्शनरीत दिलंय. आमच्या घरात वारसा म्हटलं की तो दाखलाच आठवतो, झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला.

चावी मिळाल्यावर आजी म्हणाली, एकदा परळ दाखव. नेलं. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी आहे ना, मॉलच्या आवारात, ती बघत आजी उभी राहिली. म्हणाली, "धूर न्हाई, भोंगा न्हाई, मग ही कशापायी ठेवली?" मी म्हटलं, आठवण म्हणून. आजी म्हणाली, "कुणाची?" ह्या प्रश्नाला हेरिटेजच्या कुठल्याही नियमात कलम नाही.

बघा, चिमणी उभी राहिली आणि चिमणीखालचा माणूस खाडीपल्याड पनवेलला गेला. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम पालिकेनं हाती घेतलंय. चांगलं आहे. तिथं काचेच्या पेटीत धोटा ठेवतील. खाली चिठ्ठी लावतील, धोटा, लाकडी, अमुक साल. कुणाच्या थुंकीला त्या धोट्याची बंदी होती हे चिठ्ठीवर येईल का? यावं म्हणून आपल्यापैकी कुणी पालिकेला एक अर्ज तरी केलाय का? मीही केलेला नाही. लाज वाटते म्हणून लिहितोय.

आता आपल्याकडं येतो. इथं हात जरा कापतो, पण लिहिणार.

२५ जून २०१६. पहाटेचा अंधार. दादरला गोकुळदास पास्ता रोडवर आंबेडकर भवनावर बुलडोझर चालला. त्याबरोबर बुद्धभूषण प्रेस पाडला. आधीचा भारतभूषण. बाबासाहेबांचा छापखाना. 'जनता' ज्यानं छापला तो. मी तेव्हा दहावीत गणितात गेलो होतो आणि घरी तोंड लपवून बसलो होतो. मोबाइलवर ढिगाऱ्याचे फोटो बघितले. विटा, पत्रे, वाकलेल्या सळ्या. माझी पहिली कविता त्या रात्रीची आहे. भिकार आहे, पण तीच पहिली.

कुणी पाडला? बामणांनी पाडला असता तर लिहायला सोपं गेलं असतं. ट्रस्ट आपलाच होता. कारण सांगितलं, इमारत धोकादायक झाली, पालिकेची नोटीस आहे, इथं सतरा मजली भवन उठणार. सतरा मजले! १९ जुलैला भायखळ्याहून मोर्चा निघाला, भर पावसाळ्यात माणसांचा समुद्र. मीही होतो. घोषणा देऊन घसा बसला. पण त्या मोर्चात माझ्या शेजारी चालणाऱ्या दहा जणांना मी विचारलं, प्रेस पाडायच्या आधी तुम्ही कधी आत गेला होता का? एक म्हातारा सोडला तर कुणी नाही. मीही नाही. दादरला सहा डिसेंबरला आपण लाखांनी जातो. चैत्यभूमीपासून तो प्रेस किती लांब? चालत जाता येतं. जिवंत होता तोवर गेलो नाही आणि पडल्यावर छाती पिटली.

हीच गत परळच्या दामोदर हॉलची. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी तिथं सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. महाडचं पाणी पेटलं त्याच्या आधीची पहिली काडी तिथं ओढली गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात दामोदर नाट्यगृहाला कुलूप लागलं, पाडकामाची तयारी झाली. नाटकवाले आणि कोकणातले नमनवाले रस्त्यावर आले, त्यांना सलाम. ते त्यांच्या रंगमंचासाठी आले. आपण आपल्या सभेसाठी का गेलो नाही? आपल्यातल्या किती पोरांना ठाऊक होतं की तो पत्ता आपलाही आहे?

उलट इंदू मिल बघा. ६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं आत घुसली. जागा मिळाली. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हातून भूमिपूजन झालं. साडेतीनशे फुटांचा पुतळा, खाली शंभर फुटांचा चौथरा. तारखा पुढं पुढं सरकत गेल्या. मला पुतळा नको असं मी म्हणत नाही. ती जमीन लढून घेतलीय. पण ती मिल होती हो! तिथं माणसं राबत होती, पाळ्या चालत होत्या. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. मजूरमंत्र्याच्या स्मारकात गिरणीचं एखादं खातं, एखादी शेड मुद्दाम उभी ठेवा, अशी मागणी आपण रेटली का? सगळं सपाट करून वर पुतळा. पुतळ्याखाली उभं राहिलं की मान वर करावी लागते. खोलीत गेलं की डोळ्याला डोळा भिडतो. आपल्या पुढाऱ्यांना मान वर केलेली माणसं आवडतात, असा माझा संशय आहे.

माझा एक दोस्त आहे, चांगला कार्यकर्ता, एमए झालेला. ह्या लेखाचा कच्चा कागद त्याला वाचून दाखवला तर उसळला. "तू चाळी जपायच्या म्हणतोस? गरिबीचं म्युझियम करतोस? बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितलं, महारकी टाका सांगितलं. पाडू दे साल्या त्या खुराड्या. घराणेशाहीवाल्यांना वाडे जपायचे असतात. आपल्याला जपायला आहे काय?"

त्याचं अर्धं खरं आहे. बी.डी.डी. चाळी सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० नंतर बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. एकशे साठ चौरस फुटांची खोली, संडास बाहेर, सगळ्या माळ्याला मिळून. माझी आजी डिलाईल रोडच्या तसल्या एका खोलीत पोटभाड्यानं राहिली, तीन बिऱ्हाडं, मध्ये साडीचे पडदे. माझा बाप तिथं पडद्याआड जन्मला. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत ५५६ भाडेकरूंना नव्या टॉवरातल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या बायांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आजीनं टीव्हीसमोर हात जोडले. कुणाच्या आठवणीसाठी कुणी खुराड्यात राहावं, असं म्हणणाऱ्याच्या मी कानफटात मारीन. संडास घरात हवा, लिफ्ट हवी, पाणी हवं, आणि ते आज हवं.

पण माणूस नव्या घरात गेला म्हणजे त्याची जुनी जागा पुसायलाच हवी, हे कुणी ठरवलं? ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या त्याच चाळींत पँथरच्या सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली. पाच दिवसांनी परळला मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव पडला. तो कुठल्या कोपऱ्यावर पडला, ते बोट ठेवून दाखवणारी माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत. टॉवर उठले, रस्ते वळले की ती माणसंसुद्धा गोंधळतील. परळच्या बी.आय.टी. चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आहेत. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बाबासाहेबांचं बिऱ्हाड तिथं होतं. रमाई त्या नळावर भांडी घासत होती. त्या खोल्यांचं स्मारक करू असं सरकारला सुचायला २०२० नंतरचं साल उजाडलं. मी त्या गॅलरीत उभा राहिलोय. बॅरिस्टर माणूस एवढ्याशा जागेत टेबल कुठं टाकत असेल, ह्याचा अंदाज भिंतीला हात लावल्याशिवाय येत नाही. माझ्या एमए दोस्ताला मी तिथं नेणार आहे. बाकीचं तिथंच बोलू.

आणि कॅरॅक्टरवाल्यांची जात जगभर सारखीच असते. लंडनला किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. बाबासाहेब शिकत होते तेव्हा १९२१-२२ ला तिथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला ते विकत घेतलं, म्युझियम केलं. तिथल्या शेजाऱ्यांनी तक्रार केली. गर्दी होते, आवाज होतो, ही राहण्याची वस्ती आहे. २०१८ ला तिथल्या कौन्सिलनं म्युझियमला परवानगी नाकारली. शेवटी सुनावणी होऊन मार्च २०२० ला वरच्या मंत्र्यानं परवानगी दिली. आपली माणसं हातात फूल घेऊन फुटपाथवर उभी राहिली की वस्तीचं कॅरॅक्टर बिघडतं, बेलापूर असो नाहीतर लंडन. मात्र एक सांगतो. ते घर वाचलं ते कुणीतरी पत्ता धरून ठेवला होता म्हणून. नंबर दहा. तेवढ्या एका आकड्यावर सरकारला पैसे मोजावे लागले.

आपल्या नवी मुंबईतलंच घ्या. वाघिवलीच्या केरुमातेच्या जागी बौद्ध लेणी आहेत म्हणून आपले भिक्खू आणि कार्यकर्ते आंदोलनाला उतरले. विमानतळाचा नकाशा त्याच्या कितीतरी आधी झालेला होता. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आपण नेहमी बुलडोझरच्या मागून पळतो. ऐरोलीला बाबासाहेबांचं स्मारक झालंय, मोठं, देखणं. रात्रपाळी नसली की मी तिथं वाचत बसतो, फुकट पंखा आणि पुस्तकं, मला तक्रार नाही. पण ऐरोली, रबाळे, दिघा, तुर्भे ह्या पट्ट्यात आपली पहिली जयंती कुणाच्या अंगणात झाली, पहिलं पत्र्याचं बुद्धविहार कुणी उभं केलं, नामांतराच्या वेळी पोलिसांनी कुठल्या घरांत घुसून पोरं उचलली, ह्याची एका पानाची यादी त्या स्मारकाच्या गावात कुणाकडं आहे? संगमरवराची नाही, वहीतली.

म्हणून मी यादी सुरू केलीय. ग्रेड नाही, समिती नाही. वहीच्या डाव्या बाजूला पत्ता, उजव्या बाजूला तिथं काय झालं आणि सांगणाऱ्याचं नाव. फोटो काढायचा. खोली पट्टीनं मोजायची. पाडणार असतील तर पाडायच्या आधी मोजायची. ज्या जागा वाचवता येतील त्यासाठी पालिकेत अर्ज टाकायचा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. प्रत्येक वस्तीतून एकानं हे अंगावर घ्यावं. पुढच्या अंकात आठ पानं ह्यासाठी सोडायला संपादक तयार आहेत, सायक्लोस्टाइलचा कागद मी पगारातून आणतो.

पहिला पत्ता माझ्या आजीचा. चाळीचा नंबर तिला नक्की येत नाही. तेराही म्हणते, सोळाही म्हणते. पण तिसरा माळा, जिन्याच्या उजव्या अंगाला, नळाच्या बाजूची. "गॅलरीत पँथरची पोरं रात्रीची बोर्ड रंगवायची. निळा रंग फरशीवर सांडायचा, सकाळी मला घासाय लागायचा, न्हाई निघायचा," असं ती सांगते. ती बाजू अजून उभी आहे म्हणतात. येत्या रविवारी पहिली पाळी सुटल्यावर मी आणि आजी जातोय. पनवेलहून लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून करी रोड. ज्याला यायचं त्यानं मोजपट्टी आणावी, माझ्याकडची तुटलीय. फरशीवर निळा डाग सापडतो का ते बघू.